प्रकल्प नोंदी: ४८५७६ वर थांबलेला मीटर

५ जुलै, शनिवार

रबाळे एमआयडीसीत मित्राच्या वडिलांचं निकेल प्लेटिंगचं युनिट आहे. सकाळी काकांचा फोन आला, "अरे जरा येऊन जा, तो डोसिंगचा डबा बघ, मीटर पुढंच सरकेना झालाय." ठाण्याहून ट्रान्सहार्बर पकडली, अकराला पोचलो, बाहेर पाऊस नुसता कोसळत होता.

डबा काय करतो ते आधी लिहून ठेवतो. निकेलच्या टाकीत चमक यावी म्हणून ब्राइटनर घालतात आणि तो करंटच्या हिशोबानं संपतो, म्हणजे किती अँपिअर किती तास वाहिले त्यावर. डबा रेक्टिफायरच्या (टाकीला डीसी करंट देणाऱ्या यंत्राच्या) शंटवरून, म्हणजे करंट मोजायच्या छोट्या रोधावरून, दर सेकंदाला करंट वाचतो, अँपिअर-अवरची बेरीज करत जातो आणि ५०० झाले की छोटा पंप ठरलेला डोस मारतो. डोस कमी पडला तर माल मंद निघतो, जास्त झाला तर थर ठिसूळ होतो आणि जॉब वाकवला की सोलून येतो.

डिस्प्लेवर ४८५७६. रेक्टिफायर १५० अँपिअरला चालू आणि आकडा ढिम्म. बंद करून चालू केला, परत ४८५७६. शंट ३०० अँपिअरला ७५ मिलिव्होल्टवाला आहे, मल्टिमीटर लावला तर ३७.५ च्या आसपास, म्हणजे शंट ठीक, आणि डब्याच्या दुसऱ्या पानावर करंट १५० बरोबर दिसतोय. मोजणं चालू आहे, बेरीज बंद आहे.

टाकीवर बारा-बारा तास मामा असतात. ते म्हणाले, "बंद आत्ता पडला हो, पण दिवाळीपासूनच हा जास्त ब्राइटनर ओततोय. आणि त्याच्या आधी गणपतीच्या टायमाला उलटं, चमकच येईना, मी वरून हातानं टाकायचो." हे मी जसंच्या तसं वहीत लिहिलं. काका म्हणाले मामांना उगाच वाटतं. मला नाही तसं वाटत, रोज टाकीपुढं उभा असणारा माणूस असं तीन वेगवेगळ्या काळांचं वेगवेगळं सांगतो तेव्हा काहीतरी असतंच.

डबा २०२३ च्या दसऱ्याला लावलेला. ज्यांनी बनवला त्यांनी धंदा बंद केलाय, फोन लागत नाही, सोर्स कोड मिळायचा प्रश्नच नाही. बोर्ड काढून घरी आणला, तोवर मामा हातानं डोस देणार.

८ जुलै, मंगळवार

बोर्डवर एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर आहे, ६४ केबी फ्लॅश (प्रोग्राम ह्यातच असतो), २० केबी रॅम, आत एआरएमचा कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर. शेजारी आठ पायांचा ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी आकडे जपणारी चिप, आयस्क्वेअरसी ह्या दोन तारांच्या जोडणीवर. डीबगच्या चार पिना मोकळ्या सोडलेल्या, एसटी-लिंक (चिप लॅपटॉपला जोडणारा डबा) लावला आणि ओपनओसीडी ह्या सॉफ्टवेअरनं पहिल्याच झटक्यात ६५५३६ बाइट बाहेर. रीडआउट प्रोटेक्शन, म्हणजे बाहेरून वाचायला बंदी, लावलेलं असतं तर इथंच संपलं असतं, कारण ते काढायला गेलं की चिप सगळी फ्लॅश स्वतःच पुसून टाकते.

हे करणं बरोबर का, असं एका मित्रानं विचारलं. डबा काकांनी विकत घेतलेला आहे, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७ चा, कलम ५२) कायदेशीररीत्या हातात असलेला प्रोग्राम कसा चालतो ते बघायला, अभ्यासायला, तपासायला मोकळीक दिलेली आहे. मी काही डबे बनवून विकणार नाहीये.

९ जुलै, बुधवार

फाइल नुसती ऑब्जडम्पमधून काढली, हा डिसअसेंब्लर, म्हणजे बाइटवरून प्रोसेसरच्या इन्स्ट्रक्शनची यादी (लिस्टिंग) काढून देणारा प्रोग्राम. सुरुवातीचे चार बाइट २०००५००० (पत्ते आणि बाइट सगळे हेक्समध्ये, सोळाच्या पायात), म्हणजे रॅमचं टोक, तिथून स्टॅक सुरू. पुढचे चार ०८००३१२१, रीसेटनंतर उडी मारायचा पत्ता. पत्ता विषम दिसला की नवीन माणूस गोंधळतो, पण शेवटची १ ही फक्त थंब मोडची (एआरएमच्या आखूड इन्स्ट्रक्शनची) खूण आहे, खरा कोड ०८००३१२० ला.

ऑब्जडम्प पहिल्या बाइटपासून सरळ वाचत सुटतो, समोर येईल ते इन्स्ट्रक्शन समजून. एआरएममध्ये कंपायलर (सोर्सचा मशीन कोड करणारा प्रोग्राम) फंक्शनच्या शेवटी आकडे ठेवतो, ते पण त्याच्यासाठी इन्स्ट्रक्शनच. एका ठिकाणी मला 'मूव्हएस आर०, आर०' आणि त्याखाली 'सीएमपी आर१, आयपी' असं दिसलं (आर०, आर१, आयपी ही रजिस्टर, प्रोसेसरमधल्या आकडे ठेवायच्या जागा). आधी काहीच करत नाही, मग कशाचीतरी तुलना करतो आणि तुलनेचा निकाल कोणी वापरतच नाही. अर्धा तास त्याच्याकडे बघत होतो. ०००० आणि ४५६१. एकत्र केले की ४५६१००००, आणि हे फ्लोट (अपूर्णांक साठवायची ३२ बिटांची पद्धत) म्हणून वाचलं तर बरोब्बर ३६००.०. एका तासाचे सेकंद! म्हणजे बेरजेची जागा मला पहिल्याच दिवशी सापडली, ती पण चुकीच्या डिसअसेंब्लीमधून.

इंटेलच्या प्रोसेसरवर हे आणखी अवघड, तिथं इन्स्ट्रक्शन १ ते १५ बाइटपर्यंत कितीही लांबीचं असतं, एक बाइट सरकला की पुढं वेगळाच प्रोग्राम दिसायला लागतो. इथं २ नाहीतर ४ बाइट, लवकर ताळ्यावर येतं.

१२ जुलै, शनिवार

आज दिवसभर गिड्रा, ह्यात डिकम्पायलर आहे, म्हणजे मशीन कोडवरून सी भाषेसारखा वाचता येणारा मजकूर करून देणारा. हे २०१९ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एनएसए ह्या गुप्तचर संस्थेनं फुकट खुलं केलं, त्याच्या आधी डिकम्पायलर म्हटलं की २००७ पासूनचा हेक्स-रेज, तो आयडा ह्या डिसअसेंब्लरसोबत विकत घ्यायचा, आणि माझ्यासारख्यानं कळव्याच्या घरात बसून एका डब्यासाठी तेवढे पैसे घालणं शक्यच नव्हतं. म्हणून मला ह्या टूलबद्दल मनापासून आदर आहे, कुठून का आलं असेना.

पहिल्यांदा फाइल उघडताना बेस ॲड्रेस (फाइल कोणत्या पत्त्यापासून सुरू होते तो) द्यायला विसरलो, शून्यावर लोड झाली, सगळे पत्ते हवेत. ०८०००००० दिलं, रॅमचा ब्लॉक २००००००० ला जोडला, आणि एकदम फंक्शन फंक्शनला जोडली गेली. हे ऑब्जडम्पला जमत नाही, हा उडी कुठं जाते ते बघत बघत तिथूनच पुढं वाचतो, त्यामुळे ३६०० हा त्याला आकडाच दिसला.

पण बेरजेचं फंक्शन डिकम्पायलरमध्ये असं: एक अनोळखी फंक्शन बोलावलं, त्याला करंट आणि ४५६१०००० हा पूर्णांक दिला, उत्तर दुसऱ्या अनोळखी फंक्शनला दिलं, तिथून आलेलं परत रॅममध्ये. कुठं भागाकार नाही की बेरीज नाही. कारण एम३ मध्ये फ्लोटिंग पॉइंटचं हार्डवेअरच नाही, सगळं लायब्ररीतल्या फंक्शननी होतं, आणि डिकम्पायलरला ती कोणती ते माहीत नाही.

मग लिस्टिंगमध्ये उतरलो. एका फंक्शनचं पहिलंच काम म्हणजे आर१ ची सगळ्यात वरची बिट उलटी करणं, बस, आणि लगेच पुढच्या फंक्शनमध्ये घसरणं. फ्लोटची वरची बिट म्हणजे चिन्ह. दुसऱ्या आकड्याचं चिन्ह उलटं करून बेरजेत जा, म्हणजे वजाबाकी! जीसीसी ह्या कंपायलरच्या लायब्ररीत वजाबाकी आणि बेरीज अशीच एकाखाली एक असतात, मी स्वतः तीन ओळींचा प्रोग्राम कंपाइल करून ताडून बघितलं, बाइट न् बाइट जुळले. नावं दिली, टाइप फ्लोट केले, रॅममधल्या जागांचं स्ट्रक्चर केलं (टोटल, लास्ट म्हणजे मागच्या डोसच्या वेळची टोटल, सेट म्हणजे ते ५००), आणि पान बदललं: टोटल बरोबर टोटल अधिक करंट भागिले ३६००. टोटल वजा लास्ट हे सेटएवढं झालं की पंप चालू, आणि लास्ट बरोबर टोटल.

इतकं साधं. मग अडकतंय कुठं?

१३ जुलै, रविवार

आजचा दिवस चुकीच्या रस्त्यावर गेला, पण ते नीट लिहून ठेवायला हवं.

मला वाटलं ईईप्रॉममध्ये लिहिणंच होत नसणार. आयस्क्वेअरसीचं फंक्शन उघडलं. ह्या चिपमध्ये पत्ता पाठवून झाला की एक झेंडा वर होतो आणि तो खाली करायला आधी स्टेटस १ आणि मग स्टेटस २ असे दोन्ही रजिस्टर वाचावे लागतात, दुसऱ्यातून आलेला आकडा वापरायचा नसतो, नुसतं वाचायचं. डिकम्पायलरमध्ये पहिलं वाचन होतं, दुसरं नव्हतं. मी म्हटलं सापडलं! मित्राला मेसेज पण केला.

संध्याकाळी सहज डावीकडच्या लिस्टिंगमध्ये बघितलं तर ४०००५४१४ वाचल्यावर लगेच ४०००५४१८ पण वाचलंय, स्वच्छ एलडीआर. मूळ लिहिणाऱ्यानं बरोबर लिहिलं होतं. डिकम्पायलरनं बघितलं की वाचलेला आकडा पुढं कुठं वापरलाच नाही, मग फालतू समजून ओळ उडवली. त्याच्या दृष्टीनं ती साधी मेमरी आहे, ती हार्डवेअर आहे हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. चिपची एसव्हीडी फाइल (हार्डवेअरच्या रजिस्टरची यादी) घालून पेरिफेरलचे ब्लॉक व्होलाटाइल केले, म्हणजे इथलं वाचन उडवू नको असं सांगितलं, ओळ परत आली.

तेव्हापासून मी दोन्ही खिडक्या शेजारी ठेवूनच वाचतोय. प्रोग्रामचा आकार, कोण कोणाला बोलावतं, आकडा कुठून येतो कुठं जातो, हे डिकम्पायलर इतकं पटकन दाखवतो की नुसत्या लिस्टिंगवर तेच करायला मला महिना लागला असता. पण "इथं अमुक नाही" असं म्हणायचं असेल तर लिस्टिंग बघितल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

१६ जुलै, बुधवार

डिस्प्लेचं फंक्शन बघितलं. लिस्टिंगमध्ये एक विचित्र मोठा आकडा, त्यानं लांब गुणाकार, मग उजवीकडं शिफ्ट, मग परत गुणून वजा. कंपायलर ठरलेल्या आकड्यानं भागायचं असलं की भागाकाराऐवजी असा गुणाकार करतो. हे हातानं उलगडायला कागद-पेन घेऊन बसावं लागतं, गिड्रानं एका ओळीत दिलं: टोटल भागिले १००००० ची बाकी. इथं डिकम्पायलरला मानलं.

म्हणजे डिस्प्ले पाचच आकडी, मागचे पाच दाखवतो. मग ४८५७६ हा पूर्ण आकडाच नाही, नुसतं शेपूट आहे.

संध्याकाळी काकांकडून जुनी डोसची वही घेऊन परत येत होतो, रबाळे ते ऐरोलीच्या मध्ये गाडी थांबलेली, वहीच्या मागच्या पानावर सहज लिहीत होतो: १४८५७६, २४८५७६, ३४८५७६... खाली खाली गेलो आणि १०४८५७६ लिहिलं आणि हात थांबला. दोनचा विसावा घात. १०,४८,५७६.

फ्लोटमध्ये २४ बिटांची जागा असते. टोटल दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांच्या वर गेली की लगतच्या दोन आकड्यांमधलं अंतर ०.१२५. आपण दर सेकंदाला मिळवतोय १५० भागिले ३६००, म्हणजे ०.०४१७. अर्ध्या पायरीपेक्षा पण कमी, राउंड होऊन परत तिथंच. २२५ अँपिअरच्या खाली कितीही वेळ चालवा, हा मीटर आयुष्यात पुढं जाणार नाही.

आणि मामा! घरी पोचेपर्यंत दम निघेना. २,६२,१४४ ते ५,२४,२८८ मध्ये पायरी ०.०३१२५, तिथं ०.०४१७ चं राउंड होऊन ०.०३१२५, म्हणजे मीटर २५ टक्के हळू, डोस कमी, चमक नाही. ५,२४,२८८ नंतर पायरी ०.०६२५, तिथं दर वेळी पूर्ण ०.०६२५ मिळतात, म्हणजे दीडपट जोरात, डोस जास्त. दोन्ही टप्पे ८३,८८,६०८ सेकंदांचे, बारा तासांच्या दिवसानं १९४ कामाचे दिवस, साडेसात महिने. जुलैपासून मागं मोजा, गणपती हळूच्या टप्प्यात येतात आणि जोराचा टप्पा दिवाळीनंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू होतो. मामा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होते.

१९ जुलै, शनिवार

ईईप्रॉमला क्लिप लावून वाचला: ०० ०० ८० ४९. उलटं वाचलं की ४९८०००००, फ्लोटमध्ये बरोब्बर १०४८५७६.०. शंका संपली.

तरी लॅपटॉपवर पूर्ण पावणेदोन वर्षं चालवून बघायची होती. १४० ते १६० मधले २ कोटी ४० लाख करंट तयार केले, ३६०० नं भागून ठेवले, एका फ्लोटमध्ये बेरीज. उत्तर दहा लाखांच्या जवळ, मस्त बरोबर, कुठं अडकलंच नाही! पाच मिनिटं पोटात गोळा.

मग ऑब्जडम्प स्वतःच्याच प्रोग्रामवर लावला. मेकफाइल (कंपाइल कसं करायचं ते सांगणारी फाइल) जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली, तिच्यात फास्ट-मॅथ, म्हणजे वेगासाठी बेरजांचा क्रम बदलायची मुभा, चालू होतं. लूपमध्ये व्हीएडीडीएसएस (एका वेळी एक बेरीज) च्या जागी व्हीएडीडीपीएस (एकदम अनेक), म्हणजे कंपायलरनं एका बेरजेच्या आठ वेगळ्या बेरजा केल्या आणि शेवटी जोडल्या. प्रत्येक बेरीज सव्वा लाखापर्यंतच जाते, तिथं पायरी बारीक, चूक दिसतच नाही. सोर्समध्ये एकच बेरीज लिहिलीय, लॅपटॉपच्या प्रोसेसरवर आठ चालल्या. तो पर्याय काढला, परत चालवलं, २ कोटी २७ लाखांच्या आसपास आकडा १०४८५७६ ला टेकला आणि मेला.

डिसअसेंब्लर फक्त दुसऱ्यांचे प्रोग्राम उघडायला असतो असं वाटणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात घ्यावा. मला त्याची गरज सगळ्यात जास्त स्वतःच्या कोडवर पडते.

२० जुलै, रविवार

थोडं अवांतर, पण ह्याच कामातून निघालं. हल्लीच्या प्रोसेसरवर लिस्टिंग वाचून काय उपयोग, आत सगळं उलटसुलट क्रमानं चालतं, असं मित्र म्हणाला. अर्धं खरं आहे.

कालचा बरोबर चालणारा लूप चारच इन्स्ट्रक्शनचा: बेरीज, पॉइंटर पुढं, तुलना, उडी. माझा लॅपटॉप इंटेलचा आठव्या पिढीचा, एका सायकलला चार इन्स्ट्रक्शन सहज उरकणारा, म्हणजे लिस्टिंग बघून वाटेल एका फेरीला एक सायकल. पर्फ ह्या वेळ मोजायच्या टूलनं मोजलं तर फेरीला जवळपास चार. कारण प्रत्येक बेरजेला आधीच्या बेरजेचं उत्तर हवं आणि फ्लोटच्या बेरजेला ह्या चिपवर चार सायकल लागतात, बाकी सगळं हार्डवेअर हात बांधून बसलेलं. वर पर्फनं जास्त वेळ दाखवला तो बेरजेवर नाही, तिच्या पुढच्या ओळीवर, कारण नोंद व्हायला किंचित उशीर होतो. ज्याला हे माहीत नाही तो भलत्याच ओळीमागं लागेल.

तर लिस्टिंगमधून काळ कळत नाही, तो मोजावाच लागतो. आणि २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर-मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले दोष बाहेर आले तेव्हा हे पण कळलं की लिस्टिंगप्रमाणे जे कधी झालंच नाही, त्याचे पण माग कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत) राहतात. पण काय चाललंय हे कुठून कळणार? आठ बेरजा की एक, हे मला कुठल्याही घड्याळानं सांगितलं नसतं. घड्याळ तर चुकीच्या प्रोग्रामलाच जास्त मार्क देत होतं, तो जास्त वेगात पळत होता.

काकांच्या डब्यातला एम३ ह्यात फार सरळ, तीन टप्प्यांची पाइपलाइन, कॅश नाही, लिस्टिंग वाचून वेळेचा अंदाज पण जवळपास बरोबर येतो.

२६ जुलै, शनिवार

दुरुस्ती. डिकम्पायलरचं सी घेऊन परत कंपाइल करायचा मोह झाला होता, पण तो वाचायचा मजकूर आहे, चालवायचा नाही, त्यातले टायमिंग आणि इंटरप्ट मी कशाच्या भरवशावर बरोबर मानणार? जेवढं कळलं तेवढंच बदलायचं ठरवलं.

गिड्रात टोटलचे सगळे उल्लेख काढले: डिस्प्ले, ईईप्रॉम, डोस, बस. डोस झाल्यावर दोन इन्स्ट्रक्शन होती, ६८२० आणि ६०६०: टोटल आर० मध्ये आणा, लास्टमध्ये ठेवा. त्यांच्या जागी २००० आणि ६०२०: आर० मध्ये शून्य, ते टोटलमध्ये ठेवा. चार बाइट गेले, चार बाइट आले, पुढचं काहीच सरकलं नाही. लास्ट कायम शून्य, टोटल ५०० च्या वर कधी जाणारच नाही, आणि एवढ्या लहान आकड्यावर फ्लोटची पायरी इतकी बारीक की ०.०४१७ ला काही होत नाही.

काकांना आधी विचारलं, डिस्प्लेवर एकूण बेरीज दिसायची नाही, मागच्या डोसपासूनची दिसेल. म्हणाले, "मग बरंच की, मामाला कळेल पुढचा डोस कधी."

मूळ ६५५३६ बाइट दोन ठिकाणी जपून ठेवले, चार बाइट बदलले, चिपमध्ये भरलं, ईईप्रॉममधले टोटल आणि लास्ट दोन्ही शून्य केले. टेबलावर शंटच्या जागी ३७.५ मिलिव्होल्ट दिले, सेट ५ वर आणलं. दोन मिनिटांनी रिले टकटकला, आकडा शून्यावर. दहा वेळा तेच. संध्याकाळी रबाळेला जाऊन, सेट परत ५०० करून बसवून आलो.

२ ऑगस्ट, शनिवार

सोमवारपासून सहा दिवस झाले. मामांना सांगितलं होतं पंप वाजला की वहीत रेघ मारा. रोज १५० अँपिअर, बारा तास, म्हणजे १८००, सहा दिवसांचे १०,८००. वहीत २१ रेघा, डिस्प्लेवर २८७. २१ गुणिले ५०० अधिक २८७ म्हणजे १०,७८७, करंट थोडा वरखाली होतोच.

हल सेलची (टाकीतलं द्रावण छोट्या भांड्यात घेऊन करायच्या प्लेटिंगच्या चाचणीची) पट्टी काढली होती, मामांनी ती खिडकीत धरून आडवी-तिरपी करून बघितली आणि खिशात ठेवली. मी त्यांना गणपती आणि दिवाळीचा हिशोब कागदावर काढून दाखवला, २५ टक्के कमी, मग दीडपट, आणि का. त्यांनी कागद घडी करून वहीत घातला आणि काकांना हाक मारली, "शेठ, हे बघा जरा."